लाटसाहेबांची बिऱ्हाडे

मुंबई इलाख्याचा गव्हर्नर वर्षातून तीनदा बिऱ्हाड हलवत असे. थंडीचे दिवस मुंबईत, एप्रिल-मे महाबळेश्वरला आणि पाऊस लागला की पुण्याला. दसरा-दिवाळी उरकली की पुन्हा मुंबई. एकटा गव्हर्नर हलला असता तर कोणाचे काही बिघडत नव्हते. पण त्याच्यामागून कौन्सिलचे सभासद, सेक्रेटरी, कारकून, दप्तराचे पेटारे, अंगरक्षक घोडेस्वार, बँडवाले, बटलर, खानसामे, धोबी असा सगळा लवाजमा घाट चढायचा आणि उतरायचा. सिंधपासून कारवारपर्यंतच्या मुलखाचा कारभार अशा वेळी पेटाऱ्यांतच असे.

एवढी यातायात कशासाठी? उत्तर अगदी साधे आहे : हवा. उकाडा, दमट पावसाळा आणि त्यांच्यामागून येणारा ताप, पटकी, प्लेग. मुंबई इलाख्यातल्या गव्हर्नरांची घरे एकामागून एक पाहत गेले की साहेबाचा स्वभाव कळतो. ज्या शहरांवर तो राज्य करत होता, त्या शहरांची हवा सुधारण्यापेक्षा तिथून उठून जाणे त्याला सोपे वाटे. या स्वभावाचा फायदा मात्र आपल्याला झाला. तो जिथून उठला, त्या जागा पुढे बऱ्याच चांगल्या हातांत पडल्या.

पहिले घर एका वैद्याचे होते. गार्सिया दा ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकात गोव्यात स्थायिक झाला होता. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात आपल्या मुंबईच्या वाडीतल्या, वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याचे कौतुक आहे. ओर्ता जन्माने ज्यू घराण्यातला. तो गेल्यानंतर इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. बेटावरचे त्याचे घर मात्र हातोहात फिरत दोना इग्नेझ दि मिरांडा या विधवेकडे आले. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी पोर्तुगीजांनी मुंबई बेट इंग्रजांच्या हवाली केले, ते तिच्याच घरी. हम्फ्री कुकने तिथे ताबा घेतला. तीन वर्षांनी इंग्लंडच्या राजाने हे बेट वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले आणि ते घर तटबंदीसह बॉम्बे कॅसल झाले.

युरोपातून मुंबईत उतरलेल्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी त्या काळची म्हण होती, आणि इथल्या कबरस्तानांनी ती खरी ठरवली. कॅसलच्या आत साचलेली हवा, बाहेर भरतीचे पाणी आत येणारी दलदल, जवळच वाळत घातलेली बोंबील-सुकट. गव्हर्नरांना बाहेर मोकळ्यावर घर हवे होते. ती सोय चार्ल्स बून याने केली. परळला जेझुइट पाद्र्यांचा मठ आणि चर्च होते. सिद्दीने मुंबईवर स्वारी केली तेव्हा या पाद्र्यांनी त्याला आतून मदत केली, असा इंग्रजांचा संशय होता. तो राग मनात धरून १७१९-२० च्या सुमारास बूनने मठ जप्त केला. याच बूनने कान्होजी आंग्र्यांवर विजयदुर्गला आणि खांदेरीला आरमार धाडले होते, आणि दोन्हीकडून ते मार खाऊन परतले होते. त्याच्या कॅसलच्या जागेवर आज नौदलाचा तळ आहे आणि १९५१ पासून त्याचे नाव आयएनएस आंग्रे आहे. बूनला हे कळायला हवे होते.

परळचे घर सुरुवातीला सुट्टीपुरते होते. विल्यम हॉर्नबी १७७१ मध्ये गव्हर्नर झाला आणि तो तिथे राहायलाच गेला. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधून आत घुसणारा समुद्र अडवणारा बांधही याच हॉर्नबीचा. भरतीचे पाणी थांबले तशी परळची जमीनही हळूहळू सुकली. चर्चच्या मुख्य दालनाचा मेजवानीचा हॉल झाला आणि वर नाचघर आले. पुढे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दोन्ही बाजूंना नवे भाग जोडून घर मोठे केले. या भिंतींत नाचगाण्याखेरीजही काही घडले. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी सर जेम्स मॅकिन्टॉश याच्या पुढाकाराने इथेच लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बेची पहिली सभा भरली. टाउन हॉलमधल्या आजच्या एशियाटिक सोसायटीचा जन्म तो. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, मुंबईत आला तेव्हा त्याचा मुक्कामही परळलाच होता.

पण तोवर परळ बदलले होते. गिरण्यांची धुराडी उभी राहिली, चाळी वाढल्या, गटारे मात्र वाढली नाहीत. १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन याची पत्नी ऑलिव्ह पटकीने गेली. फर्ग्युसनचे नाव पुण्याच्या कॉलेजामुळे आपल्याला घरचे आहे. त्याच्या घरातले हे दुःख मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. परळच्या चाळींत पटकीने माणसे वर्षानुवर्षे मरत होती. त्यापायी कोणी काही हलवले नव्हते. लाटसाहेबाच्या उंबऱ्याच्या आत मृत्यू आला आणि दोन-तीन वर्षांत सरकारी निवासस्थान मलबार पॉइंटला गेले. मला परळचे घर आवडते, पण हे विसरून ते आवडून घेता येत नाही.

मलबार पॉइंट म्हणजे तिन्ही बाजूंना समुद्र असलेले, वाळकेश्वरापलीकडचे टोक. तिथल्या खडकात श्रीगुंडी नावाची कपार होती. तिच्यातून पार झालेल्याचे पाप धुतले जाते अशी श्रद्धा होती. शिवाजी महाराज आणि पुढे राघोबादादा या कपारीतून गेल्याच्या आख्यायिका आहेत. एल्फिन्स्टनने इथे समुद्राकाठी छोटा बंगला बांधला. त्याच्यानंतर आलेल्या सर जॉन माल्कमला ही जागा इतकी भावली की त्याने बांधकाम वाढवून इथे राहायला सुरुवात केली. १८८५ च्या सुमारास ते कायमचे गव्हर्नमेंट हाऊस झाले. सुमारे पन्नास एकरांची ही जागा, आणि तिच्यावर एखाददुसरा वाडा नाही, तर झाडीत विखुरलेले उतरत्या छपरांचे बंगले : जलभूषण, जलचिंतन, जललक्षण, जलविहार. नावे अर्थातच नंतरची. २०१६ मध्ये इथे जमिनीखाली तेरा खोल्यांचे ब्रिटिशकालीन बंकर सापडले. आता त्यात क्रांतिकारकांच्या जीवनावरचे ‘क्रांतिगाथा’ हे दालन आहे. १४ जून २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गव्हर्नराच्या तोफखान्याच्या तळघरात चापेकरांची आणि सावरकरांची गाथा मांडली गेली. त्या निवडीमागे कोणाची तरी चांगली विनोदबुद्धी असावी.

माल्कमचे नाव इथे पुन्हा घ्यावे लागते, कारण वर्षातून तीन मुक्काम ही पद्धत घडवण्यात त्याचा हात मोठा. महाबळेश्वरला गोऱ्यांसाठी आरोग्यधाम त्याच्याच कारकिर्दीत वसले. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून डोंगरमाथा मिळवला, बदल्यात वाईकडचे खंडाळा दिले. महाबळेश्वरच्या पेठेला माल्कम पेठ नाव पडले ते त्यामुळे. तिथले रस्ते आणि भाजीचे मळे तयार करण्यात चिनी आणि मलायी कैद्यांची मेहनत आहे. आज आपण भाव करत घेतो त्या महाबळेश्वरी भाजीचा उगम त्या कैद्यांच्या कुदळीत आहे.

पावसाळ्यासाठी माल्कमने पुण्याजवळ दापोडीचा बंगला घेतला. या बंगल्याला आधीचा इतिहास आहे आणि तो जरा थांबून सांगण्यासारखा आहे. दापोडीला कॅप्टन फोर्ड नावाचा इंग्रज अधिकारी राहायचा. कवायती पलटणींची एक ब्रिगेड त्याने पेशव्यांच्या चाकरीत उभी केली होती. पगार पेशव्यांचा, अधिकारी इंग्रज. बाजीरावाच्या दरबारातल्या मोरो दीक्षितांशी त्याची दाट मैत्री होती. १८१७ च्या शरदात लढाई अटळ झाली तेव्हा मोरो दीक्षितांनी त्याला आधीच सावध केले आणि तू आमच्या बाजूने राहिलास तर तुझ्या कुटुंबाच्या केसाला धक्का लागू देणार नाही, असे सांगून पाहिले. फोर्डने इंग्रजांचीच बाजू धरली. ५ नोव्हेंबरला तो दापोडीहून ब्रिगेड घेऊन निघाला आणि खडकीच्या माळावर इंग्रजांच्या फौजेला जाऊन मिळाला. मोरो दीक्षित त्या दिवशी जरीपटक्याबरोबर लढत होते आणि फोर्डच्याच पलटणीच्या तोफेच्या माऱ्यात पडले. पुण्याच्या कारभाऱ्याच्या मैत्रीची किंमत अशी ठरली. अकरा-बारा वर्षांनी त्याच बंगल्यात मुंबईचा गव्हर्नर पावसाळा काढू लागला.

दापोडीची दुसरी गोष्ट मात्र चांगली. बंगल्याभोवती सरकारी वनस्पती उद्यान झाले. अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर त्याचा प्रमुख होता, आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. जंगलतोड आणि पाऊस यांचा संबंध सरकारच्या गळी उतरवण्यासाठी त्याने अहवालांमागून अहवाल लिहिले. त्याच काळात त्याने एका चित्रकाराकडून उद्यानातल्या वनस्पतींची चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. पोर्तुगीज वंशाच्या त्या चित्रकाराचे नाव कोणी नोंदून ठेवले नाही. 

१८६३ च्या एप्रिलमध्ये बोरघाटातली रेल्वे सुरू झाली आणि मुंबई-पुणे प्रवास सुकर झाला. उद्घाटन केले गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याने. मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडून शहर मोकळे करणारा तोच. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस बंद, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव, आणि मुंबईत पैसा नुसता वाहत होता. फ्रियरने त्या वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. १८६४ मध्ये चतुःशृंगीजवळ गणेशखिंडीत नव्या गव्हर्नमेंट हाऊसचे काम काढले. जेम्स ट्रबशॉने आराखडा केला : इटालियन धाटणी, लांबलचक कमानी, मोठे नाचघर, झेंड्यासाठी उंच मनोरा. पुढच्याच वर्षी युद्ध थांबले, कापसाचे भाव कोसळले, शेअर मनिया संपला, मुंबईतल्या बड्या बड्या पेढ्या बुडाल्या. गणेशखिंडीचे काम तरी थांबले नाही. १८७१ पर्यंत ते चालले आणि खर्चावरून लंडनपर्यंत बोंबाबोंब झाली. गव्हर्नर हिशेब न करता बांधतो, वरच्यांचे ऐकत नाही, असे ताशेरे पडले. ते सगळे खरे होते. वाडा मात्र देखणा झाला, हेही खरेच.

या वाड्यातली सर्वांत गाजलेली रात्र २२ जून १८९७ ची. तिच्याआधीचे सहा महिने पुण्याने कसे काढले ते आठवल्याशिवाय ती रात्र कळत नाही. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग दिसला, थोड्याच महिन्यांत तो पुण्यात आला. बंदोबस्तासाठी नेमलेल्या वॉल्टर रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरले. सामान रस्त्यावर, देवघरात बूट, बायाबापड्यांची तपासणी, आणि संशय आला की माणसाची रवानगी छावणीत. प्लेग रोखण्यासाठी काहीतरी करणे भागच होते, यात शंका नाही. पण ज्या रीतीने ते केले गेले, तिने पुण्याच्या मनातला राग प्लेगपेक्षा मोठा केला. आणि अशा शहराच्या उशाला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव गणेशखिंडीत दिव्यांच्या रोषणाईत साजरा झाला. यजमान होते गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट.

मध्यरात्रीच्या सुमारास पाहुण्यांच्या बग्ग्या परत निघाल्या. खूण ठरली होती : ‘गोंद्या आला रे आला.’ दामोदर चापेकर रँडच्या बग्गीवर मागून चढले आणि त्यांनी गोळी झाडली. पाठोपाठच्या बग्गीत त्यांचे भाऊ बाळकृष्ण यांनी गोळी घातली ती लेफ्टनंट आयर्स्टला. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. फितुरी करणाऱ्या द्रविड बंधूंना वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी मारले. १८९९ च्या मे महिन्यात वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण हे तिघे चार-पाच दिवसांच्या आत फासावर गेले. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव : एका आईचे तीन मुलगे. पुढे जयू आणि नचिकेत पटवर्धन यांनी ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट केला, म्हणून ही तारीख नव्या पिढीच्याही लक्षात आहे. आज त्याच रस्त्यावर सकाळी विद्यापीठ चौकातली वाहने एकमेकांवर हॉर्न वाजवत उभी असतात आणि त्यात अडकलेल्या बहुतेकांना आपण कुठे अडकलो आहोत याची कल्पना नसते.

त्याच प्लेगने परळच्या रिकाम्या गव्हर्नमेंट हाऊसला नवे भाडेकरू आणले. आधी तिथे प्लेगचे इस्पितळ झाले. मग आला वाल्देमार हाफकिन. ओडेसात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला, जन्माने ज्यू. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या भांडवलावर त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ऑगस्ट १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळला आली. उद्घाटन केले लॉर्ड सँडहर्स्ट यांनी, ज्यांनी दोनच वर्षांपूर्वी गणेशखिंडीत ती मेजवानी दिली होती.

हाफकिनची लस कशी होत असे ते पाहण्यासारखे आहे. मोठ्या काचेच्या चंबूंत मांसाचा रस्सा भरायचा. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही चालावे म्हणून गाय आणि डुक्कर वर्ज्य करून त्याने बकऱ्याचे मांस घेतले. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडायचे. प्लेगचे जंतू त्या तुपाला खालून धरतात आणि बर्फाच्या सुळ्यांसारख्या धाग्यांनी रश्श्यात लोंबू लागतात. यासाठी चंबू अजिबात हलता कामा नये. धागे पुरेसे वाढले की चंबू हलवून ते तळाशी पाडायचे, की वर नवे धरतात. काही आठवड्यांनी सगळे सुमारे ६५ अंशांवर तापवून जंतू मारायचे, कार्बोलिक घालायचे आणि बाटल्या भरायच्या. ज्या वाड्यात वॉल्ट्झ आणि पोल्का चालायचे, तिथे आता पाऊल न वाजवता चालावे लागत होते. तिथून लस देशभर गेली आणि देशाबाहेरही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. बाटलीचे बूच काढायचा चिमटा गावात खाली पडला होता, तरी खापर हाफकिनवर फुटले. १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला, पण परळ त्याला परत मिळाले नाही. १९२५ मध्ये संस्थेला त्याचे नाव दिले. १९३२ मध्ये साहिब सिंग सोखी हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. आचार्य दोंदे मार्गावर, केईएम आणि टाटा या दोन इस्पितळांच्या शेजारी ती आजही उभी आहे. आजूबाजूच्या फुटपाथवर रुग्णांचे नातेवाईक पथारी टाकून असतात. मुंबईत गव्हर्नराचे घर याहून योग्य ठिकाणी असू शकले नसते.

गोव्यातही साहेबांना रोगानेच हलवले, फक्त साहेब दुसरे होते. जुन्या गोव्यातल्या साथींना कंटाळून व्हाइसरॉय आधी पणेलीला आणि १७५९ मध्ये पणजीला आले, मांडवीकाठच्या आदिलशहाच्या वाड्यात. दीडशे वर्षांहून अधिक काळ तिथे राहून १९१८ मध्ये ते दोनापावलच्या काबो टोकावर गेले. तिथे आधी किल्ला, चर्च आणि फ्रान्सिस्कन पाद्र्यांचा मठ होता. म्हणजे परळसारखेच, आधी पाद्री, मागून लाट. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात काही वर्षे इथे चक्क इंग्रज फौज तळ देऊन होती. त्यांची दफनभूमी दोनापावलाला अजून आहे. काबोचा अखेरचा पोर्तुगीज रहिवासी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा. सालाझारने त्याला शेवटच्या माणसापर्यंत लढायला फर्मावले होते. त्याने ते मानले नाही आणि १९ डिसेंबर १९६१ ला शरणागती पत्करली. पोर्तुगालमध्ये त्याला त्याची शिक्षा भोगावी लागली. गोव्याची शहरे वाचली याचे थोडे श्रेय त्याला द्यायला हरकत नसावी. काबोच्या चर्चमध्ये १५ ऑगस्टला फेस्त असते आणि त्या दिवशी लोक राज्यपालांच्या आवारात सहज शिरतात.

स्वातंत्र्यानंतर आपण काय केले? गणेशखिंडीच्या बाबतीत उत्तम केले. बाळासाहेब खेरांच्या सरकारने पुणे विद्यापीठासाठी तो वाडा देऊन टाकला. १९४९ च्या फेब्रुवारीत विद्यापीठ सुरू झाले आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. ज्या इमारतीला इंग्रजांच्या वरिष्ठांनी उधळपट्टी म्हटले, तिच्यात गावोगावची मुले पदवी घ्यायला येतात आणि समोरच्या हिरवळीवर आई-वडिलांबरोबर फोटो काढतात. २०१४ पासून या विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचे नाव आहे. पुण्यात जिच्यावर शेण-माती फेकली गेली, त्या बाईचे.

बाकी ठिकाणी आपला हात आखडला. महाराष्ट्राच्या राज्यपालांची आज चार निवासस्थाने आहेत : मुंबई, पुणे (विद्यापीठाला दिलेला वाडा सोडून), नागपूर आणि महाबळेश्वर. मुंबईची गरज समजते. नागपूरचा १८९१ चा बंगला हिवाळी अधिवेशनाच्या निमित्ताने समजून घेता येतो, शिवाय तिथल्या टेकडीवर जैवविविधता उद्यान करून जागा सत्कारणी लावली आहे. पण उन्हाळ्यासाठी महाबळेश्वर आणि पावसाळ्यासाठी पुणे ही वर्षाची वाटणी तर माल्कमची. वातानुकूलन, विमान आणि द्रुतगती महामार्ग यांच्या जमान्यात ती पाळण्याचे कारण काय? मलबार पॉइंट नाव नोंदवून पाहता येते ही चांगली गोष्ट आहे, पण पाहू देणे आणि देऊन टाकणे यात फरक आहे.

माझी सूचना महाबळेश्वरपुरती. पश्चिम घाटातली जंगले, झरे आणि दरडी यांचा अभ्यास करणाऱ्यांना त्या डोंगरावर कायमची जागा हवी आहे. कृष्णा-कोयनेचा उगम तिथे आहे आणि गिब्सनने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मांडलेला जंगल-पावसाचा प्रश्न अजून तिथेच आहे. खेर सरकारने १९४९ मध्ये पुण्यात जे धाडस केले, ते राज्य सरकारने महाबळेश्वरला करावे आणि तो बंगला एखाद्या संशोधन केंद्राच्या नावे करून द्यावा. राज्यपालांना उन्हाळ्यात आठवडाभर तिथे राहायचे असेल, तर पाहुण्यांसाठी एक खोली राखून ठेवायला कोणी नाही म्हणणार नाही.